मयतीच्या दिवशी लागणारा पैसा

विम्याचे पैसे मयतीच्या दिवशी येत नाहीत. आपल्या अंत्यविधीच्या खर्चाची तजवीज करायला निघालेल्या प्रत्येक ज्येष्ठाने ही गोष्ट आधी पक्की ध्यानात घ्यावी, पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच ठरतात. लाकूड, तिरडीचं सामान, गाडी, फुलं यांचे पैसे त्याच दिवशी, पुष्कळदा सहा-आठ तासांच्या आत मोजावे लागतात. विम्याचा दावा दाखल होतो तो मृत्यूचा दाखला हाती आल्यावर. पुढे कागद तपासले जातात, खात्याची खातरजमा होते आणि मग रक्कम जमा होते. सगळं सुरळीत झालं तरी तोवर तेरवी उरकलेली असते.

उमरेडमध्ये हा विषय ज्येष्ठांच्या बोलण्यात सारखा येतो. कुणी वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खाणीतून निवृत्त झालेलं असतं, कुणाचं आयुष्य मिरचीच्या बाजारात गेलेलं असतं, कुणाकडे दोन-चार एकर सोयाबीन-तूर असते, तर कुणी विणकाम सोडून मजुरी धरलेली असते. मुलं नागपूर, पुणे, हैदराबाद अशी पांगलेली. ‘माझ्यामागे पोराला कुणाच्या दारात जावं लागू नये’ एवढंच या माणसांचं म्हणणं असतं. मग कुणी तरी मोबाइलवर अमेरिकेतली जाहिरात पाहतं, ‘अंत्यविधीचा विमा, वय ८५ पर्यंत, वैद्यकीय तपासणी नाही’, आणि आपल्याकडे असं काही मिळतं का म्हणून विचारतं. त्या नावाने आणि त्या वयाला आपल्याकडे जवळजवळ काहीच मिळत नाही. जे मिळतं ते वेगळ्या नावांनी आणि बहुतांशी साठीच्या आत. साठीनंतर विम्यापेक्षा साठवणूक आणि कागदांची नीट मांडणी हीच माणसाच्या जास्त कामी येते, असं माझं ठाम मत आहे.

मयतीचा खर्च एकदम येत नाही, टप्प्याटप्प्याने येतो. पहिला टप्पा दवाखान्याचा. उमरेडचा गंभीर आजारी माणूस पन्नासेक किलोमीटरवरच्या नागपूरला हलवला जातो आणि शेवटचा श्वास पुष्कळदा तिथेच घेतो. मग बिल, शववाहिका आणि परतीचा प्रवास. इथे एक हक्क माहीत असायलाच हवा. बिल थकलं म्हणून रुग्णालयाला मृतदेह अडवून ठेवता येत नाही, रुग्णहक्कांच्या सनदेत नातेवाइकांचा तो ताब्यात घेण्याचा हक्क मान्य केलेला आहे. देणं बाकी राहतं, ते नंतर फेडता येतं, पण देह गहाण पडत नाही. ही माहिती नसल्यामुळे रात्री बारा वाजता घरातलं सोनं बाहेर काढलं जातं.

दुसरा टप्पा घाटावरचा. लाकडाच्या सरणाला साधारण तीन क्विंटल लाकूड लागतं, पावसाळ्यात ओलं मिळालं तर जास्त, शिवाय गोवऱ्या, तूप, राळ. नागपूर शहरात महापालिका आपल्या घाटांवर लाकूड मोफत देत आली आहे. नागपूरच्याच विजय लिमये यांच्या इको फ्रेंडली लिव्हिंग फाउंडेशनने शेतातल्या टाकाऊ काडीकचऱ्यापासून दाबून केलेल्या ठोकळ्यांचं ‘मोक्षकाष्ठ’ प्रचारात आणलं आणि ते शहरातल्या घाटांवर वापरलंही जातं. कपाशीच्या पराट्या आणि तुरीच्या तुराट्या धुऱ्यावर जाळून टाकणाऱ्या आपल्या भागात ही गोष्ट रुजायला हवी. लहान गावात काय मोफत आहे, काय नाही, हे मात्र ठिकाणागणिक बदलतं. नगर परिषदेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन लाकूड कोण देतं, शववाहिका आहे का, तिचा फोन कुणाकडे आहे, हे निवांतपणी विचारून ठेवलं तर ऐनवेळी दलालाच्या तोंडचा आकडा ऐकावा लागत नाही.

दफन करणाऱ्यांचा हिशेब थोडा निराळा. मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबं, लिंगायत, गोसावी आणि आपल्या भागातली कित्येक गोंड घरं मातीच देतात. तिथे लाकूड लागत नाही, खणणावळ, कफन किंवा पेटी यांचा खर्च येतो, आणि जागा कुठली हा प्रश्न आधी सोडवून ठेवावा लागतो.

तिसरा टप्पा राख सावडण्याचा आणि विसर्जनाचा. आंभोऱ्याच्या संगमावर किंवा रामटेकच्या अंबाळ्याला जायचं तर एका गाडीत भागतं. भावकी जमली की तिच्या तीन गाड्या होतात. आणि चौथा टप्पा दहावा-तेरवीचा. खरा खर्च इथे आहे. पहिल्या दिवसाचा खर्च माणसाच्या हातात नसतो, तेरवीचा पूर्णपणे असतो. तरी कर्ज होतं ते तेरवीपायीच. म्हणून नियोजन करताना या दोन रकमा वेगवेगळ्या धराव्यात. ‘अंत्यविधीला दीड लाख लागतात’ असं कुणी म्हटलं तर त्यातले पानावर किती गेले हे आधी विचारावं.

मरणाच्या खर्चासाठी माणसांनी एकत्र येणं ही फार जुनी रीत आहे. रोमजवळच्या लानुव्हियम गावात इसवी सन १३६ च्या सुमारास कोरलेला एक शिलालेख सापडला आहे. गरीब माणसांच्या आणि गुलामांच्या एका मंडळाचे नियम त्यात दिले आहेत. प्रवेशाला १०० सेस्टर्स आणि चांगल्या मद्याचा एक रांजण, पुढे दरमहा पाच आस ही किरकोळ नाणी, आणि सभासद वारला की ३०० सेस्टर्सचा अंत्यविधी. त्यातले ५० प्रेतयात्रेत चालणाऱ्यांना वाटायचे. गावापासून वीस मैलांपलीकडे कुणाला मरण आलं तर व्यवस्था पाहायला मंडळाने तीन माणसं पाठवायची, हेही त्यात लिहिलेलं आहे. नागपूरच्या दवाखान्यातून उमरेडला देह आणण्याची धावपळ ज्यांनी केली आहे त्यांना या तीन माणसांचं मोल कळेल. इथिओपियात ‘इदिर’ नावाची अशीच मंडळं आजही आहेत. महिन्याची वर्गणी, मंडळाचाच मांडव, मंडळाचीच भांडी, आणि दुःखाच्या घरी लगेच पोचणारी रोख रक्कम. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये गिरणी कामगारांच्या दारावर विमा कंपन्यांचे एजंट दर आठवड्याला एक पेनी गोळा करायला येत. भिकाऱ्यासारखं पुरलं जाऊ नये, एवढ्यासाठी ते कामगार जेवणातून पेनी वाचवत.

या मंडळांची ताकद त्यांच्या वेगात होती. पैसा त्याच दिवशी यायचा, कारण मेलेल्याला सगळे ओळखत होते आणि कुणी दाखला मागत नव्हतं. पुढे विमा मोठ्या कंपनीच्या हातात गेला, त्याची रक्कम वाढली आणि वेग गेला. आपल्याकडे बचत गट आणि भिशी आहेतच. एखाद्या गल्लीतल्या पंधरा-वीस घरांनी दरमहा ५० रुपयांचा मयत फंड उभा केला, त्याचं बँक खातं दोघांच्या सहीने काढलं आणि नोंदवही उघडी ठेवली, तर पहिल्या दिवसाच्या खर्चापुरतं ते कुठल्याही पॉलिसीपेक्षा कामाचं ठरेल. मात्र हा फंड तेरवीला द्यायचा नाही, हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून घ्यावा.

अमेरिकेतल्या ज्या जाहिरातींचा वर उल्लेख आला, त्यांच्यामागचा हिशेबही पाहायला हवा, विशेषतः आईवडील मुलांकडे तिकडे राहत असतील तर. तिथल्या अंत्यविधी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या २०२३ च्या पाहणीत दर्शन आणि दफनासह अंत्यविधीचा मध्यम खर्च ८,३०० डॉलर निघाला, दहनासह तो ६,२८० डॉलर होता. इतकी रक्कम एकदम काढणं कठीण, म्हणून तिथे छोट्या रकमेचा आयुष्यभराचा विमा विकला जातो. तपासणी न करता सर्वांना प्रवेश देणाऱ्या पॉलिसीत सहसा पहिली दोन वर्षं राखीव असतात. त्या काळात नैसर्गिक मृत्यू झाला तर विम्याची रक्कम मिळत नाही, भरलेले हप्ते थोड्या वाढीसह परत मिळतात. आणि माणूस बरीच वर्षं जगला तर भरलेले हप्ते विम्याच्या रकमेच्या वर जातात. तपासणी नसण्याची किंमत अशी वसूल होते. तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाचा १९८४ पासून लागू असलेला एक नियम मात्र हेवा वाटावा असा आहे. अंत्यविधी संस्थेने प्रत्येक वस्तूचा वेगळा दर लेखी द्यायचा, आणि ग्राहकाने हवं तेवढंच घ्यायचं.

आता आपल्याकडे काय आहे ते वयाप्रमाणे पाहू. पन्नाशीच्या आतल्या माणसाने प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना घेतली नसेल तर आजच बँकेत जावं. वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर दोन लाख. प्रवेश १८ ते ५० वयात, आणि चालू ठेवली तर संरक्षण ५५ पर्यंत. पन्नास ओलांडले की हे दार बंद. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना ७० वर्षांपर्यंत मिळते, वर्षाला २० रुपये आणि अपघाती मृत्यूला दोन लाख. नैसर्गिक मृत्यूला यात काहीच नाही, हे विसरू नये. या दोन्ही योजनांचे पैसे खात्यातून आपोआप वळते होतात. साधारण मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीच्या नोंदीत, गॅसचं अनुदान आणि इतर नोंदी यांच्या रांगेत, २० किंवा ४३६ रुपयांची एक बारीक ओळ दिसते. पुष्कळ कुटुंबांना ती ओळ काय आहे हेच माहीत नसतं. खात्यात त्या दिवशी तेवढी शिल्लक नसली तर विमा गेला आणि घरी कळलंही नाही, असंही होतं. म्हणून जूनमध्ये पासबुक छापून घ्यावं, ती ओळ शोधावी आणि तिच्याखाली पेनने रेघ मारून ठेवावी. दावा करणाऱ्याला ती रेघ दिसली पाहिजे.

शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, वय १० ते ७५. शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातला एक सदस्य अपघातात गेला तर दोन लाख रुपये मिळतात आणि हप्ता भरावा लागत नाही. साप चावणं, वीज पडणं, पाण्यात बुडणं, विजेचा धक्का हे सगळं अपघातातच येतं, आणि आपल्या भागात सत्तरीतली माणसंही रात्री ओलितासाठी शेतात जातात. कृषी कार्यालयात अर्ज मुदतीत गेला पाहिजे. दुःखात महिना कसा निघून जातो कळत नाही, म्हणून हे काम शेजाऱ्याने किंवा जावयाने अंगावर घ्यावं. नोंदणीकृत बांधकाम कामगारांसाठी राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडून अंत्यविधीला १०,००० रुपयांची मदत आहे. कारखान्यात काम करणाऱ्या, कर्मचारी राज्य विमा लागू असलेल्या माणसाच्या अंत्यविधीला १५,००० पर्यंत मिळतात. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये मिळतात.

या आकड्यांमधली वयं पाहिली की एक गोष्ट खुपते. ५०, ५५, ५९. मरणाची शक्यता जिथून वाढू लागते तिथेच अपघाताखेरीजच्या सरकारी छत्र्या मिटतात. विम्याच्या गणितात हे समजण्याजोगं आहे, धोका वाढला की हप्ता वाढतो. पण श्रावणबाळ योजनेच्या दरमहा १,५०० रुपयांवर जगणाऱ्या एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या अंत्यविधीसाठी राज्याने ठरावीक रक्कम त्याच दिवशी द्यावी, ही मागणी अवास्तव नाही. निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयाकडे त्याचं नाव, खातं आणि आधार आधीच असतं. नगर परिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या एका पत्रावर हे होऊ शकतं.

साठीनंतर पॉलिसी घ्यायचीच असेल तर? बहुतेक आयुर्विमा योजनांचं प्रवेशाचं दार ५५, ६० किंवा फार तर ६५ ला बंद होतं, आणि त्या वयाला हप्ता जड असतो. समजा, ६५ वर्षांच्या माणसाला एक लाखाच्या विम्यासाठी महिन्याला १,००० रुपये सांगितले. तो ७४ वर्षं जगला तर भरलेली रक्कम लाखाच्या वर गेली. तेच १,००० रुपये पोस्टाच्या आवर्ती ठेवीत ६.७ टक्के दराने पाच वर्षं टाकले तर सुमारे ७१,००० हातात येतात, आणि ते त्याचे स्वतःचे असतात, औषधालाही वापरता येतात. पहिल्या सहा-सात वर्षांत मृत्यू आला तर विमा फायद्याचा, त्यानंतर साठवणूक फायद्याची, असा हा व्यवहार आहे. ज्याच्याकडे आज काहीच शिल्लक नाही आणि घरात कर्ज आहे, त्याने विम्याचा विचार करावा. इतरांनी आवर्ती ठेव उघडावी. महिन्याला ३०० रुपये टाकले तरी पाच वर्षांत २१,००० च्या वर होतात, आणि पहिल्या दिवसाची निकड त्यातून निभावते.

पॉलिसी घेताना सर्वांत मोठी गफलत तब्येतीच्या प्रश्नांवर होते. एजंट ओळखीचा असतो, चहा होतो, फॉर्म तोच भरतो, आणि साखर, रक्तदाब, जुना अॅटॅक या सगळ्यांपुढे ‘नाही’ लिहितो. सही मात्र आपली असते. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसी सुरू झाल्यापासून तीन वर्षं कंपनीला ही माहिती तपासून दावा नाकारता येतो. तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणाने पॉलिसीवर प्रश्न उठवता येत नाही. म्हणजे उतारवयात घेतलेल्या पॉलिसीची पहिली तीन वर्षं नाजूक, आणि त्या वयात दावा तेव्हाही येऊ शकतो. खरं लिहिलं तर हप्ता वाढेल किंवा अर्ज नाकारला जाईल. ते परवडतं. खोटं लिहिलं तर हप्तेही जातात आणि बाईला कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते, त्या दिवसांत घरातल्या वाचता येणाऱ्या मुला-नातवाकडून तब्येतीची पानं मोठ्याने वाचून घ्यावीत.

एलआयसीच्या दाव्याचे कागद पाहिले तर हे नीट कळतं. नेहमीच्या दाव्याला ३७८३ क्रमांकाचा फॉर्म, मूळ पॉलिसी, मृत्यूचा दाखला आणि वारसदाराच्या खात्याचा रद्द केलेला चेक पुरतो. मृत्यू लवकर झाला असेल तर आणखी कागद मागतात. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा, दवाखान्याचा, आणि त्यात एक असतो ओळख पटवणाऱ्या आणि दहन-दफनाला हजर राहिलेल्या माणसाचा दाखला. घाटावर कोण होतं, हेही कागदावर लागतं. ज्या शेजाऱ्याने खांदा दिला त्याचीच सही तिथे उपयोगी पडते.

आता पैसा ठेवायचा कुठे. आमच्या भागात म्हाताऱ्या बायका पेटीच्या तळाशी एक कोरं लुगडं आणि रुमालात बांधलेल्या नोटा ठेवतात. लुगडं सरणावर नेसवायला आणि नोटा लाकडाला. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या तेव्हा अशा किती गाठी सुटल्या असतील. काही गाठी तर माणूस गेल्यावर, मुदत टळल्यावर सापडल्या. घरात रोख ठेवावी, पण पहिल्या दिवसापुरती, आणि ती कुठे आहे हे दोघांना माहीत असावं.

बाकीची रक्कम नवराबायकोच्या किंवा आई-मुलाच्या संयुक्त खात्यात ठेवावी आणि खात्यावर ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ असा व्यवहाराचा प्रकार नोंदवावा. दोघांपैकी एक गेला तरी दुसऱ्याला खातं चालवता येतं. एकट्याच्या खात्यावर फक्त नामनिर्देशन केलेलं असेल तर गोष्ट वेगळी. नामनिर्देशित माणसाला पैसे मिळतात, पण दाखला, अर्ज, ओळखपत्रं देऊन, म्हणजे त्या दिवशी नाहीच. रिझर्व्ह बँकेने कागद पूर्ण झाल्यावर १५ दिवसांत दावा निकालात काढायला सांगितलं आहे. मयताचं एटीएम कार्ड घेऊन घाईघाईने पैसे काढण्याची आपल्याकडे सर्रास रीत आहे, ती टाळावी. भाऊबंदकीत पुढे त्याच नोंदीवरून तंटे होतात, आणि मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन परत भरावी लागते. वेकोलितून निवृत्त झालेल्यांच्या घरी हे विशेष लक्षात ठेवायला हवं. माणूस गेल्यावर पत्नीची कुटुंब पेन्शन सुरू व्हायला कागद करावे लागतात आणि मधले काही महिने कोरडे जातात. त्या काळाची शिधासामग्री हाही अंत्यविधीच्या नियोजनाचाच भाग आहे.

मुदत ठेव संयुक्त असली तरी एक बारीक मुद्दा राहतो. मुदतीआधी ती मोडण्याचा अधिकार हयात असलेल्या खातेदाराला देणारी सूचना ठेव उघडतानाच लिहून घ्यावी. ती नसेल तर बँक मयताच्या वारसांची संमती मागते. आणि पतसंस्थेत जास्त व्याज मिळतं म्हणून ही रक्कम तिथे ठेवू नये. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. इतर पैशांचं काय करायचं ते ज्याचं त्याने पाहावं, शेवटच्या दिवसाचा पैसा तरी जोखमीत टाकू नये.

रक्कम किती, हा प्रश्न शेवटी तेरवीशी येऊन ठेपतो, आणि त्याचं उत्तर फक्त त्या ज्येष्ठाकडे आहे. मुलाने तेरवी साधी केली तर गाव म्हणतं, बापाला नीट पोचवलं नाही. तीच गोष्ट बापाने जिवंतपणी चार लोकांसमोर सांगून ठेवली तर मुलाची मान खाली जात नाही. गाडगेबाबांनी मरणाधरणाच्या आणि नवसासायासाच्या जेवणावळींसाठी कर्ज काढू नका, हे विदर्भाच्या गावागावांत घसा फोडून सांगितलं. तुकडोजी महाराजांनीही साधेपणाचाच आग्रह धरला. बौद्ध घरांमध्ये जलदान आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम वंदना, दोन शब्द आणि दानाने होतो, तिथेही अलीकडे पंगती वाढू लागल्या आहेत. तुमच्या घरी काय व्हावं हे तुम्ही ठरवा. पाचशे पानं हवी असतील तर त्याचे पैसे बाजूला ठेवा. नको असतील तर तसं स्पष्ट बोला, आणि मुलासमोरच नाही तर भावासमोर आणि व्याह्यासमोरही बोला, कारण दबाव तिकडूनच येतो.

देहदान करायचं असेल तर नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज भरून ठेवता येतो. मात्र मृत्यूनंतर देह द्यायचा की नाही हे जवळचे नातेवाईक ठरवतात, त्यामुळे फॉर्मवर त्यांचीही सही आणि मनापासूनची संमती हवी. डोळ्यांचं दान यापेक्षा सोपं आहे, ते घरीच होतं आणि अंत्यविधी अडत नाही. वेळ मात्र सहा तासांचा, म्हणून नेत्रपेढीचा फोन भिंतीवर लिहून ठेवावा.

उरले कागद. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची, शहरात नगर परिषदेकडे, खेड्यात ग्रामपंचायतीकडे. मृत्यू जिथे झाला तिथे नोंद होते, म्हणून नागपूरच्या दवाखान्यात गेलेल्या उमरेडच्या माणसाचा दाखला नागपूरला मिळतो. ही धावाधाव कुणी करायची ते आधी ठरलेलं बरं. २१ दिवस उलटले तर विलंब शुल्क, महिन्यानंतर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. दाखल्याच्या प्रती भरपूर घ्याव्यात. बँक, विमा, पेन्शन, गॅस, वीज, सातबाऱ्यावरची वारस नोंद, सगळीकडे एकेक लागते. दाखल्यावरचं नाव आधारशी, पॉलिसीशी आणि पासबुकाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. एका ठिकाणी ‘रामाजी’ आणि दुसरीकडे ‘रामराव’ असेल तर सुधारणा आजच करून घ्यावी, आपल्या हयातीत ती एका अर्जाने होते, नंतर मुलांना प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागतं.

या सगळ्याची एक वही करावी. पहिल्या पानावर फोन: शववाहिका, लाकूडवाला, नगर परिषद, दोन शेजारी, दूरच्या मुलाला कळवणारा एक माणूस. दुसऱ्या पानावर खाती, पॉलिसी क्रमांक, पासबुकातल्या त्या २० आणि ४३६ च्या ओळी, कुणाला किती देणं आणि कुणाकडून किती येणं. तिसऱ्या पानावर आपली इच्छा: दहन की दफन की देहदान, राख कुठे, तेरवी किती पानांची, आणि मुलगा परदेशातून यायचा असेल तर थांबायचं की नाही. शेवटचा प्रश्न आजकाल घरोघरी येतो. बर्फाच्या पेटीत दोन दिवस ठेवायचं तर तिचं भाडं, वीज आणि आलेल्या माणसांचं राहणं-खाणं धरावं लागतं. ‘वाट पाहू नका, मोबाइलवर दाखवा’ असं आईने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं असेल तर दोन्हीकडच्या मुलांची त्या दिवशीची घालमेल कमी होते. वहीच्या प्रत्येक पानावर तारीख आणि सही करावी, तिचे फोटो मुलांना पाठवावेत, आणि दर वर्षी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाताना ती सोबत न्यावी, म्हणजे खात्यांच्या आणि वारसांच्या नोंदी त्याच खेपेत ताडून पाहता येतात.